माणूस बघून मत, पण कामाचं काय?

निवडणूक आली की आपल्या गल्लीतली सकाळच बदलते. एरवी नळाला पाणी कधी येतं याची वाट बघण्यात जाणारी सकाळ भोंग्याच्या आवाजाने सुरू होते. "ताई, माई, अक्का..." पाच वर्षं ज्यांना आपलं नाव ठाऊक नसतं, त्यांचं अचानक आपल्याशी बहिणीचं, मावशीचं, काकूचं नातं जडतं. दारात गाडी थांबते, हात जोडले जातात, पत्रक हातात पडतं. ओट्यावर बसलेले घरातले कर्ते पुरुष चहाचा घोट घेत सांगून टाकतात, "आपलं ठरलंय. घरची पाच मतं तुमचीच." आत चुलीपाशी चहा करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, "बाई गं, तुझं काय ठरलंय?"

मैत्रिणींनो, आज याच प्रश्नावर बोलायचं आहे. दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर रोज ढीगभर छापून येतं. पण ज्या एका माणसाला आपण मुंबईच्या विधानसभेत पाठवतो, तो कसा निवडून येतो, आपण त्याला का निवडतो, आणि त्यात आपलं बायांचं काय होतं, यावर फारसं कुणी बोलत नाही.

आपलं पालम गंगाखेड विधानसभा मतदारसंघात येतं. गंगाखेड, पालम आणि पूर्णा या भागातले मतदार मिळून एक आमदार निवडतात. राज्यात असे २८८ मतदारसंघ आहेत. पण आपल्या मतदारसंघाची तऱ्हाच न्यारी. राज्यात वारं कुठल्याही दिशेला वाहू दे, इथला मतदार आपल्या मनाचंच करतो. पूर्वी शेतकरी कामगार पक्षाचे ज्ञानोबा गायकवाड इथून एकाहून जास्त वेळा निवडून आले. लाल बावट्याचा पक्ष, आणि मतदार मात्र वारीला जाणारा, सप्त्याला बसणारा, एकादशी धरणारा! २००९ साली सीताराम घनदाट अपक्ष म्हणून जिंकले. २०१४ साली सगळीकडे मोदी लाटेची चर्चा होती, तेव्हा इथे राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुसूदन केंद्रे अगदी थोडक्या मतांनी विजयी झाले. त्यांच्याकडून हरलेले रत्नाकर गुट्टे पुढे २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही निवडणुकांत राष्ट्रीय समाज पक्षातर्फे निवडून आले. दोन्ही वेळी अख्ख्या राज्यात त्या पक्षाचा तो एकमेव आमदार!

याचा अर्थ काय? अर्थ सरळ आहे. इथे पाटी कुठल्या पक्षाची आहे हे दुय्यम, माणूस कोण हे पहिलं.

२०२४ सालचंच बघा. एप्रिल महिन्यात लोकसभेला राष्ट्रीय समाज पक्षाचे संस्थापक महादेव जानकर परभणीतून महायुतीतर्फे उभे होते. मोठमोठ्या सभा झाल्या. तरी शिवसेनेच्या ठाकरे गटाचे संजय जाधव लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. काही महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, गंगाखेडला त्याच छोट्या पक्षाचे गुट्टे ठाकरे गटाच्या विशाल कदमांना हरवून पुन्हा आमदार झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात पक्षाचा सगळ्यात मोठा नेता हरतो आणि त्याच पक्षाचा गावातला माणूस जिंकतो. लोकसभेचा मतदारसंघ मोठा, तिथली गणितं वेगळी, हे मान्य. आरक्षणाच्या प्रश्नावरून त्या वर्षी मराठा-ओबीसी असा ताण होता आणि जातीचं गणित आपल्याकडे कधी सुटलेलं नाही, हेही मान्य. तरीही "आपल्या ओळखीचा" असण्याचं वजन नाकारता येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच असतं असंही नाही. अमेरिकेत दोन मोठे पक्ष आहेत, डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन. डेमोक्रॅट म्हणजे शहरातल्या, नव्या विचारांच्या लोकांचा पक्ष, असं तिथल्या खेड्यापाड्यांत मानलं जातं. पण लुइझियाना नावाच्या दक्षिणेकडच्या राज्यात जॉन बेल एडवर्ड्स नावाचे एक डेमोक्रॅट होते. लहान गावातले, लष्करात राहिलेले, चर्चला जाणारे. गर्भपाताला त्यांचा विरोध, बंदूक बाळगण्याच्या हक्काला पाठिंबा. म्हणजे त्यांच्या पक्षाची जी ओळख, त्याच्या अगदी उलट! ते आधी राज्याच्या विधानसभेत निवडून गेले, आणि २०१५ व २०१९ साली राज्यपाल झाले. तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी थेट निवडलेला. २०१५ च्या प्रचारात त्यांच्या पत्नीने टीव्हीवरच्या जाहिरातीत स्वतःच्या बाळंतपणाची कहाणी सांगितली. पोटातल्या बाळाच्या मणक्यात दोष आहे असं निघालं, डॉक्टरांनी गर्भपात सुचवला, पण आम्ही दोघांनी मूल ठेवायचं ठरवलं, अशी ती कहाणी. लोकांनी पक्ष बाजूला ठेवला, कुटुंब पाहिलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. निवडून आल्यावर २०१६ च्या जानेवारीत पहिल्याच दिवसांत त्यांनी गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची व्याप्ती वाढवली. हा निर्णय त्यांच्या पक्षाचा. आणि २०१९ साली गर्भपातावर अत्यंत कडक निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर सहीसुद्धा त्यांनीच केली. ती त्यांच्या स्वतःच्या मताची. म्हणजे माणूस बघून मत दिलं, तरी त्या माणसासोबत त्याचा पक्षही येतो आणि त्याची मतंही येतात. दोन्हींचा परिणाम शेवटी बाईच्या अंगावर पडतो. पोथी न वाचता नुसता नमस्कार केला, तर आत काय लिहिलंय ते नंतर कळतं, तसं हे.

बाई भोळी नसते

आता कुणी म्हणेल, बायांना काय कळतं, नवरा सांगेल तिथे बटण दाबतात. हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. एक साधी गोष्ट बघा. मान्यता मिळालेल्या मोठ्या पक्षांचं चिन्ह ठरलेलं असतं. पंजा, कमळ ही लहान लेकरांनाही पाठ. अपक्षाला मात्र निवडणूक आयोगाच्या यादीतून दरवेळी नवं चिन्ह घ्यावं लागतं, मान्यता नसलेल्या छोट्या पक्षाचंही साधारण तसंच. मशीनवरच्या नावांच्या लांबलचक यादीत ते अनोळखी चिन्ह शोधून बटण दाबायचं, हे सोपं काम नाही. अपक्ष आणि छोट्या पक्षाचा उमेदवार इथे पुन्हा पुन्हा निवडून येतो, म्हणजे आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आया-सासवांनीही ते चिन्ह नीट लक्षात ठेवलेलं असतं. बाईला कळत नाही असं नाही. प्रश्न असा आहे की तिला काय बघायला दिलं जातं?

तिला माणूस दिसतो. घरात दुखवटा असताना दहाव्याला येऊन गेलेला, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला आलेला, सप्त्याच्या पंगतीला मदत केलेला, उन्हाळ्यात वाडीवर पाण्याचा टँकर पाठवलेला. "अडीनडीला धावून आला बाई, त्याला मत नाही द्यायचं तर कुणाला?" हे कुणी म्हणालं तर ती चुकली असं मी म्हणणार नाही. तहसीलच्या दारात दिवसभर ताटकळलेल्या बाईला ओळखीच्या माणसाच्या एका फोनची किंमत कळते. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याचं काम होत नाही, हा आपला रोजचा अनुभव. मग ती माणूस शोधते. यात चूक तिची नाही, ओळखीशिवाय काम न करणाऱ्या व्यवस्थेची आहे.

पण याची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. टँकर आला ही मदत झाली. पण दरवर्षी टँकर का लागतो, हा प्रश्न मदतीखाली झाकला जातो. लेंडी नदीला पूर आला आणि पालमपासून पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं पावसाळ्यात वाचत आलो. त्या गावातली एखादी दिवस भरलेली पोर तेव्हा काय करत असेल? पुरात अडकलेल्यांना जेवणाची पाकिटं पोचवणारा देवमाणूस, यात वाद नाही. पण पूल वेळेवर बांधून घेणं हे आमदाराचं काम आणि पाकीट वाटणं हा त्याचा चांगुलपणा. आपण चांगुलपणाला मत देतो आणि कामाचा हिशोब मागायचा राहून जातो.

आमदार म्हणजे काय ते आपल्याला कुणी नीट सांगतच नाही. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी सुचवता येतो. त्यातून सभागृहं, रस्ते, गट्टू होतात, आणि त्यांच्या पाट्यांवर नावंही दिसतात. पण त्याचं खरं काम विधानसभेतलं. राज्याचा अर्थसंकल्प मंजूर करणं, कायदे करणं, प्रश्न विचारणं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाईसाठी बाई डॉक्टर आहे का, कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या वेळेला एसटी येते का, हे प्रश्न तिथे विचारायचे असतात. हात जोडणारा उमेदवार आपल्याला दारात दिसतो. सभागृहात तो तोंड उघडतो की नाही, ते मात्र आपण बघायला जात नाही.

तुरुंगातून निवडून येता येतं का?

२०१९ ची निवडणूक आठवते? तेव्हा आपल्या मतदारसंघाचं नाव राज्यभर गाजलं. उमेदवार रत्नाकर गुट्टे परभणीच्या तुरुंगात होते. साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांच्या नावावर बँकांकडून कर्ज उचलल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ते तुरुंगात, प्रचार बाहेर, आणि निकालात मोठ्या फरकाने विजय! पुढे त्यांना जामीन मिळाला आणि २०२४ साली ते पुन्हा जिंकले. आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. कोर्टाचं काम कोर्ट करील. पण तेव्हा बऱ्याच जणींना प्रश्न पडला होता, की असं चालतं का?

चालतं. आपल्या कायद्यात तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्याला मत देता येत नाही, त्याला उभंही राहता येणार नाही. पण त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ती वाट मोकळी केली. मात्र दोन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की आमदारकी लगेच जाते, हा नियमही २०१३ च्याच निकालाने पक्का झाला. शिवाय उमेदवाराला आपल्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. खटले असतील तर ते पेपरात तीन वेळा जाहीर करावे लागतात. ती जाहिरात बारीक अक्षरात कोपऱ्यात असते. आपण राशिभविष्य वाचतो आणि पान उलटतो.

लोकांनी का निवडून दिलं असेल? काहींना वाटलं, आपल्या माणसाला अडकवलं. काहींच्या घरातलं कुणी कारखान्यावर कामाला होतं. काहींनी जात बघितली, काहींना समोरचा उमेदवार नको होता. यातलं कुठलंच कारण वेडेपणाचं नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. कर्ज शेतकऱ्याच्या नावावर निघो की कारखान्याच्या, सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. घरावर किती बोजा आहे हे बाईला कळतं ते बँकेची नोटीस आल्यावर. ज्या विषयाची झळ तिला सगळ्यात जास्त, त्या विषयावर प्रचारात तिच्याशी कुणीही, कुठल्याही पक्षाचा माणूस बोलला नाही. तिला साडी मिळाली, हळदी-कुंकू मिळालं. माहिती मिळाली नाही.

दीड हजार, एकवीसशे, तीन हजार

२०२४ साली मात्र चित्र थोडं बदललं. जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यावर. प्रचारात महायुतीने ते २१०० करू म्हटलं, महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हटलं. बाईच्या मताचा असा जाहीर लिलाव आधी कधी झाला नव्हता! याला नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला दीड हजार म्हणजे काय, ते पगारदारांना कळायचं नाही. कित्येकींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात घेतलं. पण निवडणूक झाल्यावर पडताळणी आली, ई-केवायसी आली, आणि सेतू केंद्रापुढे रांगाही बायांच्याच लागल्या. देताना बहीण, तपासताना लाभार्थी!

त्या निवडणुकीत अजून एक गोष्ट घडली, तिची चर्चा फार झाली नाही. मतदान होतं २० नोव्हेंबरला आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला १५ नोव्हेंबरला. आपल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी काय करायचं? नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरला जातो, उचल नवऱ्याच्या नावावर, आणि निम्मं काम बाईचं. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा विषय विधिमंडळापर्यंत गेला, त्यावर समिती झाली. पण मतदानाच्या दिवशी फडात असलेल्या बाईचं मत कुणाच्या हिशोबात होतं? जी गावात नाही, तिच्या दारात गाडीही थांबत नाही.

आणि बाई उमेदवार?

गंगाखेडला २००९ पासून चारही वेळा पुरुषच आमदार झाले. शेजारच्या जिंतूरला मात्र २०१९ साली मेघना साकोरे-बोर्डीकर निवडून आल्या, २०२४ ला पुन्हा आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यमंत्री झाल्या. त्यांच्या खात्यांत महिला व बालविकासही आलं. तिथेही माणूस बघून मत हीच रीत दिसते. वडील रामप्रसाद बोर्डीकर वर्षानुवर्षं काँग्रेसचे आमदार होते, आणि लेक भाजपची. पाटी बदलली, घर तेच. घराण्याचं बळ होतं म्हणून बाईला वाट मिळाली, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण दोन्ही वेळा लढत अटीतटीची होती, थोडक्या मतांनी जिंकलेली. नुसत्या आडनावावर तेवढं जमत नाही, गावोगाव पाय झिजवावे लागतात.

राज्याचा हिशोब मात्र निराश करणारा आहे. २०१९ साली २८८ मध्ये २४ बायका आमदार होत्या, २०२४ ला २१ झाल्या. दीड हजार घेणाऱ्या बहिणी कोट्यवधी, आणि सभागृहात बहिणी एकवीस! महिलांना विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच लागू होईल अशी अट त्यात घातली गेली. म्हणून २०२४ ची निवडणूक तिच्याविनाच झाली. गावपातळीवर आपल्याकडे निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथे सरपंच बाई आणि कारभार "सरपंचपती"कडे, अशी थट्टा होते. पण त्याच खुर्चीवर बसून शिकलेल्या, ग्रामसेवकाला नियम दाखवणाऱ्या बायाही आपण बघितल्या आहेत. उद्याच्या आमदार त्यांच्यातूनच यायला हव्यात.

मग आपण काय करायचं? माणूस बघू नका, पक्षच बघा, असं मी सांगणार नाही. माणूस बघायचाच. पण सासरसाठी स्थळ बघताना आपण नुसता मुलगा बघतो का? घर बघतो, कर्ज आहे का विचारतो, शेजारीपाजारी चौकशी करतो. तेवढी चौकशी आमदाराची करायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी दारात गाडी थांबली की चहा जरूर द्या. सोबत तीन प्रश्नही द्या. गेल्या पाच वर्षांत विधानसभेत आमच्या तालुक्याचा कुठला प्रश्न मांडला? दवाखान्यात बाई डॉक्टर आणि पोरींसाठी एसटी, यातलं काय केलं, काय करणार? आणि तुमच्या शपथपत्रात काय लिहिलंय? एकटीला विचारायला संकोच वाटला तर बचत गटाच्या बैठकीत बोलवा. दहा जणी एका सतरंजीवर बसून विचारतील, तेव्हा उत्तर द्यावंच लागतं.

आणि एक लक्षात असू द्या. मशीनपुढे आपण एकट्या असतो. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि खाली पडते. ती आपल्याशिवाय कुणीही बघत नाही. नवरा नाही, सासरा नाही, गावचा पुढारीही नाही. ओट्यावर "पाच मतं तुमचीच" म्हणून कुणी काहीही शब्द देऊ दे.

गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. दळण-कांडण करता करता तिने थेट विठ्ठलाला जाब विचारला, हक्काने बोलली, रागावली, भांडलीसुद्धा. देवाला विचारायला जी कचरली नाही, तिच्या गावच्या लेकी-सुनांनी दारात आलेल्या उमेदवाराला विचारायला कशाला कचरायचं?